दाबून घेतलेलं माप

झडीचे दिवस होते. यवतमाळात तीन दिवस ऊन दिसलं नव्हतं. कुरिअरच्या दुकानात शिरलेल्या त्या मुलीची वेणी, ओढणी, चपला, सगळं ओलंचिंब होतं. कोरडं होतं ते फक्त तिच्या काखेतलं पुडकं. कारण छत्री तिनं डोक्यावर धरलीच नव्हती, पुडक्यावर धरली होती.

काउंटरमागच्या तरुणानं ते पाहिलं आणि हसू आवरलं. फारसं आवरलं नाही. ते तिलाही दिसलं.

“काचेचं सामान आहे का, मॅडम?”

“रजई आहे. तान्ह्या लेकराची. संगं उशी.”

“रजईले छत्री?”

“कापूस ओला झाला का त्याचे गोळे होते,” ती फणकाऱ्यानं म्हणाली. “तुमाले का समजते त्यातलं!”

त्यानं टेप काढला. लांबी मोजली, रुंदी मोजली. उंचीची पाळी आली तसं तिनं दोन्ही तळहात पुडक्यावर टेकवले आणि अंगातला सगळा भार घालून दाबलं.

“मॅडम… हात काढा.”

“काहून?”

“उंची घ्यायची आहे.”

“मग घ्या नं. मी कुठं अडवलं?”

“तुम्ही दाबून राह्यल्या.”

“नाही दाबलं तर फुगते ते, आन् मापावर पैसे वाढते!”

“फुगू द्या,” तो म्हणाला. “जेवढं आहे तेवढंच मोजतो मी.”

तिनं एक हात काढला. त्याच्याकडे रागानं पाहत मग दुसराही काढला. पुडकं सावकाश वर आलं. नऊ इंचांचं माप पुरे बारा झालं आणि त्यानं बारा लिहिले. मग पंख्याखालची खुर्ची तिच्याकडे सरकवली, पंखा वाढवला आणि पुन्हा आपल्या वहीत डोकं घातलं. पंख्याच्या वाऱ्यात तिची बट गालाला चिकटत होती, उडत होती… आणि वहीत डोकं घातलेल्या माणसाला ते कसं काय दिसत होतं, देव जाणे.

ती प्रेरणा. मारेगावच्या वामनरावांची एकुलती एक लेक, बी.कॉम. झालेली, जिभेनं तिखट. तो खेमसिंग राठोड, दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यावरचा. कमी बोलायचा, पण जे बोलायचा ते नेमकं खुपेल असं.

प्रेरणाचा उद्योग तसा साधा होता. कापूस घरच्या शेतातला. शेजारच्या गल्लीतले इकबालचाचा तो पिंजून द्यायचे, त्यांच्या पत्नी फरीदाचाची बारीक टाक्यांनी लेकरांच्या रजया शिवायच्या, आणि प्रेरणा मोबाईलवर फोटो टाकून विकायची. पुण्याहून, भोपाळहून मागणी यायची. मारेगावचा कुरिअरवाला फुगीर पुडकी पाहून नाक मुरडायचा, म्हणून दर मंगळवारी एसटीनं यवतमाळ.

वामनरावांनी तिला संक्रांतीपर्यंतची मुदत दिली होती. दोनशे रजया विकून दाखव, मग तुझं तू ठरव – धंद्याचंही आणि लग्नाचंही. नाही विकल्या, तर मी आणीन त्या स्थळाला हो म्हणायचं. प्रेरणानं पैज स्वीकारली होती. तेव्हा तिच्या मनात कोणी नव्हतं, त्यामुळे पैज सोपी वाटली होती.

पुढच्या मंगळवारी ती आली ती कागद घेऊनच. जिच्यामार्फत ती माल विकत होती त्या कंपनीनं सुचवलं होतं – सगळा माल आमच्या नागपूरकडच्या गोदामात आणून ठेवा, ऑर्डर आली की आम्हीच तिथून पाठवू, गिऱ्हाइकाला दोन दिवसांत मिळेल. फक्त ठेवण्याचं भाडं पडेल.

“भाड्याचा अंदाज मी काढला,” ती ऐटीत म्हणाली. “रजई-उशीच्या एका संचाचं वजन सातशे ग्राम. दोनशे संच म्हनजे एकशेचाळीस किलो. दीड क्विंटलबी नाही! एका कोपऱ्यात पडून राह्यते. महिन्याले दोनशे रुपये धरले.”

खेमसिंगनं कागद वाचला. मग पुन्हा वाचला. त्याचे खांदे हलायला लागले.

“हसून का राह्यले?”

“दीड क्विंटल कापूस किती जागा घेते,” तो डोळे पुसत म्हणाला, “हे वामनरावांच्या पोरीले मी सांगू?”

प्रेरणानं कपाळावर हात मारला. दर दिवाळीला त्यांच्या घरातली मधली खोली कापसानं छतापर्यंत भरायची. खाटा ओसरीवर जायच्या आणि कापूस विकला जाईपर्यंत सगळं घर ओसरीवर झोपायचं. पण कापूसवाल्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला सगळं जग क्विंटलमध्येच दिसतं, त्याला ती तरी काय करणार?

“गोदामाले वजन दिसत नाही,” तो म्हणाला. “गोदामाले जागा दिसते. मी दोन वर्सं अशाच एका गोदामात होतो, मॅडम. लोखंडाचं खोकं आन् कापसाचं खोकं, माप सारखं तर भाडं सारखं.”

मग त्यानं कोरा कागद घेतला आणि तिला हिशेब घालून दाखवला. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार – एक संच अर्धा घनफूट. दोनशे संच शंभर घनफूट. घनफुटाला महिन्याला चाळीस रुपये. तिच्या कागदावर पुडक्याचं माप होतं, त्यात उंचीच्या जागी तिनं पुन्हा नऊ लिहिलेले होते. ते त्यानं खोडून बारा केले आणि तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहू लागली.

“पन दोनशे काही शेवटपर्यंत दोनशे राहनार नाही,” तो पुढे म्हणाला. “विकत जाईन तसे कमी होईन. म्हनून महिन्याची सरासरी धरायची. आन् सहा महिन्यांच्या वर पडून राह्यला माल, तर जुन्या मालाचं भाडं वेगळं. म्हनजे खरा आकडा हा–” त्यानं एक रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘किती दिवस पडून राहणार’. “हाच सांगा. बाकी सगळं टेपनं मोजता येते. हे येत नाही.”

“मग कसं सांगायचं?”

“अंदाजानं. आन् थोडं… खरं बोलून.”

तो रकाना भरायला त्यांना सात मंगळवार लागले. खरं तर एका दुपारचं काम होतं. पण एका मंगळवारी लाईट जायची, दुसऱ्या मंगळवारी समोरच्या टपरीवरचा चहा थंड व्हायचा आणि नवा मागवावा लागायचा, तिसऱ्या मंगळवारी तिला डिसेंबरचा आकडाच पटायचा नाही. गणपती आले, गेले. प्रेरणा मंगळवारी सकाळी वेणी घालायची, आरशात पाहायची, सोडायची आणि पुन्हा घालायची.

“तुम्ही मले ‘तू’ कधी म्हनसान?” एकदा त्यानं विचारलं.

“सवय झाल्यावर.”

“किती दिवस लागन?”

“अंदाज काढा,” ती म्हणाली आणि हसत हसत बस पकडायला पळाली. मारेगाव येईपर्यंत खिडकीच्या काचेतली ती मुलगी हसतच होती.

दसऱ्यानंतर दोनशे संच गोदामात गेले. खेमसिंगचा अंदाज तीन महिन्यांचा होता – तीन महिन्यांत सगळे विकले जातील आणि एकूण भाडं चौसष्टशे. त्यात त्यानं थंडी धरली होती, लग्नसराई धरली होती, प्रेरणाचा हट्टसुद्धा धरला होता. स्वतःचं मात्र त्यानं काही धरलं नव्हतं. हैदराबादकडच्या एका गोदामात त्याला सुपरवायझरची जागा मिळत होती. गणपतीत त्यानं ती नाकारली होती. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं.

हे त्यानं तिला सांगितलं त्या मंगळवारी दुकानात गर्दी नव्हती. बाहेर कोवळं ऊन होतं. तिच्या हिशेबाचा कागद दोघांच्या मधे होता. तो पेन फिरवत होता, टोपण काढत होता, लावत होता…

“प्रेरणा,” तो म्हणाला. मॅडम नाही. “एक विचारू? या रकान्यात… मी माझं नाव लिहिलं तर किती महिने लिहू?”

तिचे कान गरम झाले. त्याला काय विचारायचं आहे ते तिला लख्ख समजलं होतं. थांबू का? तू सांगशील का घरी? तिचं उत्तरही तयार होतं, झडीच्या त्या पहिल्या दिवसापासूनच तयार होतं म्हणा. पण त्या उत्तरासोबत बाकीचं सगळं आलं. बाबांची पैज, अजून न विकलेल्या दीडशे रजया, आणि तांड्यावरच्या पोराचं नाव घरात पहिल्यांदा लग्नासाठी घेताना बाबांचा चेहरा कसा होईल ते. अजून दोन महिने, तिनं मनात म्हटलं. माल विकू दे, मग बाबांसमोर ताठ मानेनं सांगेन. एवढंच त्याला सांगितलं असतं तरी चाललं असतं. दोन महिने थांब – चार शब्दसुद्धा नव्हे, तीन.

पण जिभेला वळण होतं थट्टेचं. ती हसली आणि म्हणाली, “तुमाले कायचं भाडं? तुम्ही कुठं जागा अडवता? राहा नं पडून.”

खेमसिंगही हसला. नेहमीसारखंच हसला, फक्त पेनाचं टोपण लावून पेन खिशात ठेवलं. “हो,” तो म्हणाला. “बरोबर आहे.”

टपरीवरचा चहा आला. तो दोघांनी प्यायला. आपण काय बोललो हे तिला बसमध्ये बसल्यावर कळलं. करंजीच्या फाट्याला तिनं मोबाईल काढून ‘मस्करी केली’ असं लिहिलं. मग वाटलं, मस्करी केली म्हटलं की मग खरं काय तेही सांगावं लागेल. तिनं लिहिलेलं पुसून टाकलं.

तो निघाला त्या दिवशी मंगळवार नव्हता, तरी ती यवतमाळच्या बसस्टँडवर आली. डब्यात फरीदाचाचींच्या हातच्या करंज्या होत्या. खेमसिंगजवळ एक बॅग होती आणि पायाशी बांधलेली वळकटी.

“एवढ्या दूर काहून आल्या?” तो म्हणाला.

“यवतमाळात काम होतं.”

“काय काम?”

“होतं एक.”

त्यानं वाट पाहिली. खरंच पाहिली, ती तिला दिसत होती. कंडक्टरनं घंटी मारेपर्यंत तो पायरीवर न चढता तिच्यासमोर उभा होता. आणि प्रेरणा बोलत होती, किती बोलत होती! गोदामाच्या पावतीबद्दल, तिकडच्या पाण्याबद्दल, करंज्या दोन दिवसांत संपवा म्हणून… सगळं बोलली. जे सांगायला दोन तास एसटीत बसून आली होती, त्यावर दोन्ही हात दाबून ती उभी राहिली.

“दाबून नका मोजू,” तो पायरीवर चढता चढता म्हणाला.

“काय?”

“उंची. पुढच्या मालाची. मी नसलो तरी… बाराच लिहीत जा.”

बस गेली. प्रेरणा तिथल्याच बाकावर बसून रडली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, कोण गेलं वं बाई? तेव्हा तिला सांगायला नातंच सापडलं नाही.

थंडी यंदा वेळेवर आली. डिसेंबरात रजया भराभर गेल्या, आणि संक्रांतीला चार दिवस असताना शेवटचा संच जबलपूरला रवाना झाला. भाड्याचा हिशेब आला. खेमसिंगच्या अंदाजापेक्षा फक्त ऐंशी रुपये कमी. प्रेरणानं तो कागद बाबांसमोर ठेवला. वामनरावांनी चष्मा लावून सगळा वाचला, इतका सावकाश की तिचे पाय दुखले.

“जितली तू,” ते म्हणाले. “आता मी आपला शब्द पाळतो. तुझं तू ठरव.” मग चष्मा काढत म्हणाले, “ज्यानं तुले हा अंदाज शिकवला, तो दिग्रसकडचा पोरगा… त्याले बोलाव एकदा जेवाले. पक्का मानूस दिसते.”

प्रेरणानं मान वर केली. “तुमाले कसा माहीत तो?”

“तुझ्या तोंडी रोज दुसरं नाव होतं का?” तिची आई, बेबीताई, आतून म्हणाल्या. हातातला तिळाचा डबा घेऊनच त्या ओसरीवर आल्या. “मंगळवारी दोन-दोनदा वेणी घाले हे. आमी वाट पाहून राह्यलो होतो, पोरगी कधी सांगते म्हनून.”

“आन् तो… तांड्यावरचा आहे, बाबा.”

“मंग? मी काय इचारलं तुले?” वामनराव म्हणाले. “पैज लावली ते धंद्यासाठी. तू तोंडच उघडलं नाही, तर बाप काय करन?”

ज्या चेहऱ्याची तिला दोन महिने धास्ती होती, तो हाच चेहरा होता. साधा, थकलेला, तीळ चघळणारा. प्रेरणाला हसू आलं. ती उठली, मधल्या खोलीत गेली. खोली अर्धी कापसानं भरलेली होती. त्या कापसाला टेकून तिनं फोन लावला.

“हॅलो,” मागे गाड्यांचा, माणसांचा आवाज होता. “बोला.”

“खेमसिंग, सगळा माल गेला. भाडं तू सांगितलं त्याच्याहून ऐंशी रुपये कमी आलं. तुझा अंदाज–”

“तू म्हनून राह्यली मले,” तो म्हणाला.

 तिच्या लक्षातही आलं नव्हतं. “हो… झाली सवय.”

पलीकडे तो बहुतेक कुठल्यातरी शांत जागी गेला, कारण आवाज कमी झाले. मग तो हळूच म्हणाला, “प्रेरणा, माझं जमलं. आईनं पुसदची पोरगी पाह्यली. मागच्या रविवारी पक्कं झालं. होळीच्या आधी लग्न आहे.”

मागचा रविवार. म्हणजे पाचच दिवस झाले होते. प्रेरणा कापसात बोटं रुतवून उभी राहिली.

“चांगली आहे का?” तिनं विचारलं.

“चांगली आहे. कमी बोलते.” मग तो म्हणाला, “त्या दिवशी तू म्हनली होती, मी जागा अडवत नाही…”

“मस्करी होती ते.”

“मलेबी वाटलं होतं. स्टँडवर शेवटपर्यंत वाटत होतं.” मग त्यानं विचारलं, “दुसरं काही सांगायचं होतं का?”

होतं. अख्ख्या मधल्या खोलीत मावणार नाही एवढं होतं. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, पहिल्या दिवसापासून होतं, आणि हे तिनं एका हसण्याआड दाबून ठेवलं, जणू ते तिथं तिच्या सवडीनं पडून राहणार होतं. पण पुसदला एक कमी बोलणारी मुलगी आता दिवस मोजत होती, आणि तिचा यात काय दोष?

“नाही,” प्रेरणा म्हणाली. “माल गेला, तेवढंच सांगायचं होतं. सुखी राहा.”

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ बाहेर आली नाही. बेबीताईंनी दारातून एकदा डोकावलं, लेकीचा चेहरा पाहिला आणि त्या तिच्याजवळ कापसात येऊन बसल्या.

महाशिवरात्रीनंतरच्या मंगळवारी प्रेरणा नव्या नमुन्याचं पुडकं घेऊन यवतमाळला गेली. काउंटरवर आता नाजिया नावाची नवी मुलगी होती, मोठी चटपटीत आणि गोड. पंख्याखालची खुर्ची तिथंच होती. नाजियानं लांबी घेतली, रुंदी घेतली, आणि उंचीला टेप लावून ती चुकचुकली.

“ताई, बारा येऊन राह्यले. वरून थोडं दाबा नं हातानं, नऊ करून देते. पैसे वाचन तुमचे.”

प्रेरणानं दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

“नको,” ती म्हणाली. “जेवढं आहे तेवढंच मोज.”

नाजियानं तिच्याकडे एकदा पाहिलं, खांदे उडवले आणि बारा लिहिले.